कोरडी मोगरी

"काकू, घट्ट धरून बस. आणि पाय वर घे."

"हेमे, अगं माझा जप व्हायचाय अजून."

"गाडीवर कर ना. बसूनच तर करायचाय."

वैशाखातली भर दुपार होती. आमच्या कुसुंबरीत त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मारुतीच्या पारापासून खाली चौकापर्यंत उतरत गेलेली आमची बालाजी पेठ, त्या उताराच्या माथ्यावर सोपानशेठची चारचाकी ढकलगाडी, गाडीवर ज्वारीची पोती आणि पोत्यांवर मी. अंगावर पूजेचं पातळ, हातात तुळशीची माळ. माझ्या धाकट्या दिराची मुलगी हेमांगी गाडीपुढे उकिडवी बसलेली. चाकाखाली लावलेला दगड काढायच्या बेतात.

"पोती पुरली नसती का गं?" मी विचारलं.

"पोती बोलत नाहीत, काकू. मला विचारायचंय ना, धक्का कसा बसला ते."

तिनं दगड काढला. गाडी आधी नुसती कुरकुरली, मग हळूच निघाली, आणि बघता बघता वेगात आली. हेमी शेजारून धावत होती. तिनं हातातली पाचरीसारखी मोगरी नेमकी पुढच्या चाकाखाली सारली. मी डोळे मिटले. वाटलं, आता बसणार हिसका. पण हिसका बसलाच नाही. चाकानं मोगरीला नाकापुढे धरलं आणि दोघं मिळून खाली घसरत निघाली. मला ओरडायची सवय नाही. माझा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही असं माझी जाऊ म्हणते. तोंडातून "गोविंदा, गोविंदा" एवढंच येत राहिलं, आणि गाडी निंबाखालच्या पाणपोईच्या रांजणावर जाऊन आदळली. रांजण फुटला आणि अर्धं पाणी माझ्या अंगावर आलं.

खरं सांगते, गाडी थांबली त्याचं मला जरा वाईटच वाटलं.

निंबाखाली तोंडावर उपरणं टाकून निजलेले सुपडूअण्णा धडपडत उठले. त्यांनी आधी रांजण पाहिला, मग मला पाहिलं.

"वैनी? तुम्ही? कुठं निघाली ही यात्रा?"

मी पदर पिळत खाली उतरले. हेमीचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. ती रस्त्यावर गुडघे टेकून काँक्रीटवरून बोट फिरवत होती.

"अण्णा, हे बघा. वरून इथपर्यंत तेलाचा पट्टा. मोगरी रुतलीच नाही, नुसती सरकत आली."

अण्णा खाली वाकले. त्यांनी बोट लावलं, हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. ते तेल माझं होतं.

आमच्याकडे बालाजीचा रथ वैशाखी पौर्णिमेला निघतो. सागवानी लाकडाचा, माडीएवढा उंच. ओढायला दोर असतात, पण त्याला आवरायला दोर कामाचे नाहीत. त्यासाठी मोगरी. मोगरी म्हणजे बाभळीची पाचर, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला निमुळती, मागे धरायला लांब मूठ. रथ चालत असतानाच मोगरीवाले ती चाकाखाली देतात. थांबवायचा असला तरी मोगरी, वळवायचा असला तरी मोगरी. हा मान आमच्या घराकडे. हे रेल्वेत फिरतीवर, म्हणून उजवं चाक हेमीचे वडील, माझे दीर प्रल्हादभाऊजी सांभाळायचे, डावं चाक त्यांचे जोडीदार सुपडूअण्णा. चाक आणि माणसाचं पाऊल यांच्यात वीतभर जागा असते. तेवढ्या जागेत त्यांना वाकायचं असतं.

मोगऱ्या वर्षभर आमच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात असत. सासूबाईंनी तो नेम माझ्या हाती दिला होता. सबंध वैशाख पहाटे स्नान, एक वेळ जेवण, आणि रोज एकेका मोगरीला हळद घालून तेलाचा हात. बाभूळ तेल पीत राही आणि मी नाव घेत राही. माझं नहाणं चुकलं असेल, हा हात कधी चुकला नाही.

त्याच वर्षी पेठेत काँक्रीटचा रस्ता झाला होता. आधी माती आणि खडी होती. मोगरी त्यात दातासारखी रुतायची, आणि तेल धुळीतच जिरून जायचं. नवा रस्ता आरशासारखा. गावानं त्यावर रांगोळ्या काढल्या, पोरांनी सायकली शिकून घेतल्या. मोगरीचा विचार एकट्या हेमीनं केला. मी तेल लावत होते आणि ती उंबऱ्यात बसून बारावीनंतरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेची गणितं सोडवत होती. एकदम म्हणाली, "काकू, हे तेल खालच्या अंगालाही लावतेस?" मी म्हटलं, "देवाला काय वरचं अंग, खालचं अंग?" आणि दुसऱ्या दिवशी मी त्या गाडीवर होते.

"आता कोरडी," हेमी म्हणाली.

तिनं मोगरी चुलीतल्या राखेनं घासून, उन्हात तापवून आणली होती. अण्णांनी गाडी वर ढकलायला हात लावला. मी पुन्हा चढून बसले. मला कुणी विचारलंही नाही, आणि मीही नको म्हटलं नाही. गाडी सुटली, वेग आला, हेमीनं मोगरी सारली, आणि असा हिसका बसला की मी पोत्यावरून पुढच्या पोत्यावर गेले. माळ हातातून उडून थेट अण्णांच्या पागोट्यावर जाऊन पडली. गाडी जागच्या जागी उभी.

अण्णांनी माळ काढून मला दिली. "वैनी, लागलं का?"

"नाही," मी म्हणाले. "हेमे, पुन्हा एकदा करू या का?"

पोरगी हसत सुटली. पण अण्णा हसले नाहीत. ते उताराकडे बघत राहिले. गाडीच्या जागी त्यांना रथ दिसत असणार.

"प्रल्हादला कोण सांगेल?" ते म्हणाले. "मी नाही सांगत. माझं लग्न त्याच्या बापानं जमवलंय."

संध्याकाळी हेमीनंच सांगितलं. भाऊजी ओट्यावर बसून दोराला पीळ घालत होते. जाऊबाई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेल्या होत्या, म्हणून मीच चहा घेऊन उभी. हेमीनं सगळं नीट सांगितलं. तेल, रस्ता, गाडी. गाडीवर कोण बसलं होतं ते मात्र सांगितलं नाही.

भाऊजींनी ऐकून घेतलं. ते रागीट नव्हते, ठाम होते. ठाम माणसाशी बोलणं जास्त अवघड.

"तेल पूजेचं असतं तसं कामाचंही असतं, बाई. कोरडी मोगरी चाकाखाली दात लावून बसते. मग निघत नाही. भर उतारात रथ अडकला तर काय करशील? तुझ्या पुस्तकात आहे का ते?"

"नाही," हेमी म्हणाली. "पण अडकलेला रथ काढता येतो, आप्पा. सुटलेला नाही काढता येत."

"हे तुला ते मेकॅनिकल शिकवून राह्यलं?"

"अजून गेलेच नाही तर काय शिकवेल?"

"आणि जायचंही नाही." भाऊजींनी दोर बाजूला ठेवला. "डी.एड. कर. तालुक्याला आहे, घरून जाशील, घरी येशील. ग्रीस, वंगण, लोखंड ही काय पोरीच्या हातात शोभायची चीज आहे? शंभर पोरांत एकटी बसशील."

"बसेन."

"ऐक. रथ जाऊ दे. तेलाच्या मोगरीवर रथ नेहमीसारखा उतरला, की या घरात पुन्हा मेकॅनिकल हा शब्द निघायचा नाही. कबूल?"

हेमीनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपाकडे पाहिलं. तिला 'कबूल' म्हणता येईना आणि 'नाही' म्हणता येईना. रथ नीट उतरला तर ती हरणार. आणि ती जिंकायची असेल, तर रथ सुटायला हवा. आणि उजव्या चाकापाशी तिचा बाप.

ती आत येऊन देवघरापाशी बसली. मी संध्याकाळचा दिवा लावला. मग म्हणाली, "काकू, मी हरले तरी चालेल. डी.एड. करेन. पण तू मोगऱ्या कोरड्या ठेव."

"माझा नेम आहे गं."

"माहितीय मला. म्हणून तर तुला सांगतेय. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोगच नाही."

रात्री देवासमोर बसले, पण जपात मन लागेना. डोळे मिटले की गाडी सुटायची.

पौर्णिमा उजाडली. जाऊबाई आदल्या दिवशी परतल्या होत्या, त्या स्वयंपाकाला लागल्या. मी स्नान केलं आणि कोनाड्यासमोर बसले. दाराला आतून कडी लावली. बाहेर पडले तेव्हा माझ्या हातात तेलाची वाटी भरलेलीच होती, पण ती कुणी निरखून पाहिली नाही. मोगऱ्या मी फडक्यात गुंडाळून दिल्या, भाऊजी गडबडीत तशाच घेऊन गेले. जास्तीच्या चार मोगऱ्या माझ्याकडे होत्या. त्या टोपलीत घालून वर तांबडं वस्त्र टाकलं. लोकांना नैवेद्य वाटला. मी वाटू दिला.

रथ मंदिरापासून निघाला तेव्हा पेठ माणसांनी फुलून गेली होती. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, वर कळसापाशी भगवं निशाण. दोराला हात लावायला तरुण पोरांची झुंबड. "व्यंकटरमणा" म्हटलं की इकडून "गोविंदा", आणि प्रत्येक गोविंदाला रथ हातभर पुढे. माझं बाईचं जुनं मन, दरवर्षी त्या आवाजानं डोळे भरायचे. त्या दिवशी डोळे कोरडे, आणि नजर चाकापाशी.

आणि तिथे जे चाललं होतं ते बघून मी टोपली घट्ट धरली. दरवर्षीचंच होतं, पण मी कधी लक्षच दिलं नव्हतं. प्रत्येक दारातून सवाष्णी वाट्या घेऊन पुढे येत होत्या. कुणी चाकाला तेल घाली, कुणी मोगरीला. भाऊजी थांबून मोगरी पुढे करत, बाई धार सोडी, हात जोडी. सपाटीवरून जाता जाता सगळ्या मोगऱ्या पुन्हा निथळू लागल्या. मी पहाटे राखेनं हात सोलवटून घासल्या होत्या त्या.

"काकू," हेमी कानाशी म्हणाली. टोपलीची दुसरी बाजू तिनं धरली होती. "पुन्हा माखल्या."

"दिसतंय मला."

"पारापाशी आरतीला थांबेल ना रथ?"

"थांबेल."

"मग?"

पारापाशी उताराच्या तोंडाशी रथ थांबतो, आरती होते, आणि आमच्या घरची मोठी बाई मोगऱ्यांना हळदकुंकू वाहते. तेवढा वेळ मोगऱ्या माझ्यासमोर असतात.

आरती सुरू झाली. भाऊजी आणि अण्णांनी मोगऱ्या पारावर मांडल्या. मी बसले. प्रत्येक मोगरीला हळद, कुंकू, अक्षता. मग मी टोपलीवरचं वस्त्र काढलं, माखलेल्या मोगऱ्या उचलून आत ठेवल्या आणि कोरड्या काढून त्यांच्या जागी मांडल्या. त्यांनाही हळद, कुंकू, अक्षता. घाई केली नाही. पूजेत घाई केलेली मला चालत नाही.

आरती संपली. भाऊजींनी वाकून मोगरी उचलली आणि ते थबकले. लाकडाला हात लावल्या लावल्या त्यांना कळलं. त्यांनी तळवा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. पारावर गावचे पंच, दोराला शेकडो माणसं, सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे.

"वहिनी, तेल राहिलं."

"राहिलं नाही, भाऊजी. लावलं नाही."

"हेमीनं सांगितलं?"

"सांगितलं तिनं. पण मी तिच्यावर विसंबले नाही. ढकलगाडीवर बसून याच उतारावरून आले. एकदा तेलावर, एकदा कोरडी."

भाऊजींचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्ही? गाडीवर?"

"रांजण त्यांनीच फोडला," मागून अण्णा म्हणाले. "मी त्यांना भिजलेलं बघितलंय." आणि त्यांनी गुपचूप आपली कोरडी मोगरी उचलून काखेत मारली.

माझ्या आयुष्यात इतक्या पुरुषांसमोर मी इतकी वाक्यं कधी बोलले नव्हते. आवाज नेहमीचाच, खालचा. पण भाऊजींना नीट ऐकू गेला असावा, कारण त्यांनी माखलेली मोगरी मागितली नाही. धोतराचा काचा घट्ट खोचला आणि ते उजव्या चाकापाशी जाऊन उभे राहिले.

"व्यंकटरमणा."

"गोविंदा."

रथानं उतारावर पाऊल टाकलं. इथून पुढे दोर फक्त नावाला. पहिले काही हात तो डुलत गेला, मग त्याच्या अंगात वजन आलं. चाकांचा आवाज बदलला. मातीवर तो घुमायचा, काँक्रीटवर तो दळल्यासारखा येत होता. दोराची पोरं मागे बघत पळायला लागली. वरचं निशाण पुढे वाकलं. भाऊजी चाकाबरोबर पळत होते, हातात मोगरी, नजर चाकाच्या पायाशी. "अण्णा, दे," ते ओरडले, आणि दोघांनी एकदम मोगऱ्या सारल्या.

हेमीनं माझा दंड धरला होता. तिची नखं रुतली.

चाक मोगरीवर चढलं. मोगरी करकरली. लाकूड जळल्यासारखा वास आला. एक क्षण वाटलं, घसरली. हाताच्या पंज्याएवढी पुढे सरकलीही. आणि तिथंच थांबली. रथ पुढे झुकला, माळा सगळ्या एका बाजूला गेल्या, कळस थरथरला, आणि तो उभा राहिला. भाऊजींचं पाऊल चाकाच्या अगदी शेजारी, अंगठा सुखरूप.

गावानं जो जयजयकार केला तो वरच्या आळीपर्यंत गेला असेल. मला मात्र हेमीचं "थांबला, काकू, थांबला" एवढंच ऐकू आलं. ती उड्या मारत होती, तिची वेणी सुटली होती. मलाही उडी मारावीशी वाटली. टोपली होती म्हणून राहिले.

पण आनंद फार टिकला नाही. दोर ताणले, रथ हलेना. मोगरीच्या मुठीला दोघांनी लोंबकळून पाहिलं, घणाचे घाव घातले. कोरड्या लाकडानं चाकाला असा दात लावला होता की चाक आणि मोगरी एकजीव. भाऊजी म्हणाले होते तसंच. ऊन उतरायला लागलं. दोराची पोरं खाली बसली. "कोरडी मोगरी दिली कुणी?" कुणीतरी विचारलं, आणि ते विचारणं पुढे पुढे जात वाढायला लागलं. "बायकांचं ऐकून कुठं रथ चालतो का," असंही कुणी म्हणालं. मी टोपलीचं वस्त्र सारखं करत राहिले.

भाऊजी चाकापाशी वाकले होते ते सरळ झाले. कपाळावरचा घाम पुसला आणि गर्दीवरून नजर फिरवली.

"हेमे. इकडे ये."

तेल घालायचं तेही कडेनं; रथाच्या चाकापुढे आमच्याकडे बाई जात नाही. पण ती हाक इतकी सरळ होती की लोकांनी वाट दिली. हेमी गेली. तिनं आधी खाली बघितलं, मग वर, मग चक्क आडवी होऊन चाकाखाली डोकावली. पंचांतल्या एकानं तोंड फिरवलं.

"अडकली ती अडकली," भाऊजी म्हणाले. "आता?"

"खालचं अंग घट्ट आहे, तसंच राहू द्या. वरून सोडवायचं." ती उठली. "पहारी घालून चाक केसभर मागे उचला. आणि चाक न् मोगरीच्या मधे तेल. फक्त मधे. खाली थेंब जाता कामा नये, नाहीतर निघता निघता सगळंच सुटेल."

"तेल कोण घालणार?"

तिनं माझ्याकडे बघितलं.

मी टोपली खाली ठेवली आणि वाटी घेऊन निघाले. तेच तेल, पहाटेपासून भरून ठेवलेलं. पूजेची पळी हातात होतीच. मी चाकापाशी बसले. पहारी लागल्या, माणसांनी दम धरला, चाक कणभर हललं. "सोड, काकू." मी पळीनं तेल सोडलं, एकेक पळी, देवाला पंचामृत घालतात तसं. हेमी खाली ओढणी धरून बसली होती. कडेनं ओघळणारा प्रत्येक थेंब ती रस्त्याला लागायच्या आत टिपत होती. पिवळी ओढणी काळी झाली. तेल, लाकडाचा भुसा, चाकाचं वंगण, सगळं तिच्या हातांवर, कोपरापर्यंत. बापानं ते हात बघितले.

"आता मारा, अण्णा. मुठीवर नको, कडेला."

अण्णांनी घण उचलला. एका घावात मोगरी सुटली आणि भाऊजींनी दुसरी कोरडी खाली दिली. रथ दोन हात उतरला आणि थांबला. डाव्या चाकाकडे मी पळी घेऊन गेले. पुन्हा तेल, पुन्हा घाव, पुन्हा दोन हात. मग त्याला लय आली. अण्णा मोठ्यानं म्हणायला लागले, "वरून तेल, खाली कोरडी," आणि दोराची पोरं त्यावर "गोविंदा" म्हणायला लागली. सगळा उतार आम्ही असाच उतरलो. गडबडीत माझा पदर खांद्यावर आला होता आणि मला ते बऱ्याच वेळानं कळलं. चौकात रथ वळला, जागेवर उभा राहिला, तेव्हा दिवेलागण होत होती.

मंदिराच्या अंगणात पंगत बसली. वरण, बट्टी, वांग्याची भाजी. माझा दिवसभराचा उपवास होता, पण वाढायला मीच होते. ज्यांनी मघाशी तोंडं फिरवली होती ते पंच भाऊजींना म्हणत होते, "प्रल्हादभाऊ, काय हात आहे तुमचा. नव्या रस्त्यावर रथ असा उतरवणं म्हणजे खायचं काम नाही." भाऊजी हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. समोरच्या रांगेत हेमी बसली होती. हात धुऊनही नखांत काळं राहिलं होतं. ती मान खाली घालून जेवत होती. ठरल्याप्रमाणे रथ उतरला होता. तेलाच्या मोगरीवर नाही, पण उतरला होता, आणि ओट्यावरचा तो शब्द घरात निघेल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

भाऊजींनी बट्टी मोडली, वरणात कालवली, आणि खाल्ली नाही.

"हेमे."

"हां, आप्पा."

"दर वर्षी अशी अडकायची का ही?"

"कोरडी असली तर अडकणार."

"दर वर्षी वहिनींनी पळी घेऊन धावायचं?"

"नाही."

"मग अडकू नये आणि सरकूही नये, असं काय?"

मला वाटलं, हिच्याकडे उत्तर तयार असेल. तिच्याकडे नेहमी असायचं. पण तिनं बोटानं वरणात रेघ ओढली, ती पुसली.

"माहीत नाही, आप्पा. खालून रबर लावून बघता येईल. लाकूड बदलून बघता येईल. पण आधी उतार मोजायला हवा, चाकावर किती भार येतो तो काढायला हवा. मला नाही येत ते अजून."

"कुणाला येतं?"

"तिथं शिकवतात."

शेजारी बसलेल्या अण्णांनी विचारलं, "डी.एड.ला नाही शिकवत का हे?"

"अण्णा, तू बट्टी खा," भाऊजी म्हणाले.

मी तुपाची तांब्या-पळी घेऊन हेमीच्या पानापाशी पोचले होते. भाऊजींनी घास तोंडात घातला, चावला, गिळला, पाणी प्यायले. मग पानावरची नजर वर न करता म्हणाले,

"त्या हॉस्टेलला जेवण कसं असतं?"

हेमीचा हात तोंडाशी थांबला. "चांगलं नसतं म्हणतात," ती अगदी हळू म्हणाली. माझ्यापेक्षाही हळू.

"हं." त्यांनी दुसरा घास केला. "वहिनी, डब्यात टिकेल असं काय काय करता येतं ते बघून ठेवा."

मी मान हलवली. अण्णा माझ्याकडे बघून हसत होते. मला कळेना काय झालं. मग खाली बघितलं. हेमीच्या पानातून तूप वाहून पत्रावळीबाहेर जमिनीवर चाललं होतं, आणि माझी पळी अजून तिरपीच होती.